वरून कोरडी, आतून ओली

जीपमध्ये पाणी येतं, ही तक्रार नेकनूरसारख्या गावात कोणी फार मनावर घेत नाही. बीड जिल्हा दुष्काळाचा. आठ महिने ऊन आणि पाऊस मोजका. पायाखाली पोतं टाकायचं, चार दिवस निभवायचे आणि विसरून जायचं, अशीच सवय लागलेली. पण याच उन्हात दाराचं आणि काचेचं रबर वाळून तडकतं. मग पाऊस येतो तो एकदम कोसळतो. 2025 च्या सप्टेंबरात साऱ्या मराठवाड्यानं ते पाहिलं. शेताची वाट, बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळ्याला एकच जीप, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून या महिन्यात आम्ही गळक्या जीपविषयी लिहितो आहोत.

गळतीनं फक्त कपडे भिजत असते तर आम्ही हा विषय घेतला नसता. आत आलेलं पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं. वरची मॅट दोन दिवसांत वाळते, नमदा मात्र महिना महिना ओला राहतो. त्याखालचा पत्रा गुपचूप गंजत जातो. सीटचे आणि बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचेही बोल्ट याच पत्र्याला धरून असतात. पत्रा कुजला तर ऐन धडकेत सीट जागेवर राहीलच असं नाही. त्याच भागातून वायरी जातात. जोडांना हिरवट बुरशी धरते आणि दिवे, हॉर्न, स्टार्टर अधूनमधून दगा देऊ लागतात.

जीपच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ही गाडी मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करासाठी बनली. वर कापडी हूड, पुढची काच बोनेटवर आडवी होणारी. पाणी आत येणारच, हे धरूनच तिच्या खालच्या पत्र्याला पाणी सोडायची भोकं ठेवलेली होती. हीच विलिस जीप 1947 पासून मुंबईत जुळवली जाऊ लागली. ते काम हाती घेणारी कंपनी 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावानं सुरू झाली होती. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. पुढे जीपवर टप आला, दारं आली, खाली मॅट आली. पाणी यायच्या वाटा उरल्याच, जायच्या वाटा मात्र मॅटखाली झाकल्या गेल्या.

आता दुरुस्तीकडे येऊ. पहिला प्रश्न, पाणी कसलं? स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर पावसाचं. एसी चालू असतानाच पायाजवळ थेंब पडत असतील तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली आहे. पाणी हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल, काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर ते कुलंट. हीटर गळतो आहे. तिथे रबर बदलून उपयोग नाही, इंजिन तापण्याआधी मिस्त्रीकडे जावं. कुलंट विषारी असतं, लहान मुलांना त्याला हात लावू देऊ नये.

पाणी पावसाचंच असेल तर ते कुठून शिरतं हे शोधा. ते दिसतं एका जागी आणि शिरतं दुसऱ्याच जागी. टपावरच्या कॅरिअरच्या बोल्टमधून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरून ड्रायव्हरच्या पायाशी निघतो. बघणारा तिथलंच रबर बदलतो, आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच. म्हणून मॅट आणि नमदा काढून पत्रा कोरडा करा. एकानं बॅटरी घेऊन आत बसावं, दुसऱ्यानं बाहेरून साध्या पाइपनं हळू पाणी सोडावं. सुरुवात खालून करायची. आधी दाराचा उंबरठा, मग दाराच्या कडा, मग पुढची काच, शेवटी टप. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. धुलाई सेंटरचा जोरदार फवाराही नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

दाराच्या रबरासाठी एक बिनपैशाची परीक्षा आहे. रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर दाबून बसतं आहे. अलगद सुटली तर तिथे फट आहे. असं दाराभोवती वीतभर अंतरानं पाहावं. रबर बदलण्याआधी बिजागरीही तपासा. आपल्या खडबडीत रस्त्यांवर दार हळूहळू खाली बसतं, तेव्हा दोष रबराचा नसतो.

यानंतरच्या नेहमीच्या जागा अशा: पुढच्या काचेचं रबर आणि तिच्या चौकटीखालची पट्टी, इंजिनकडून आत येणाऱ्या वायरींभोवतीची रबरी बुचं, मागच्या दिव्यांची बैठक, कॅरिअरचे बोल्ट आणि कापडी हुडाची शिवण. काच खाली होणाऱ्या दारात थोडं पाणी आत उतरतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागचा प्लास्टिकचा कागद ते पाणी अडवतो. स्पीकर बसवताना तो फाटला आणि तसाच राहिला, तर पाणी थेट पायाशी येतं.

जागा सापडली की ती पुसून पूर्ण कोरडी करा. गंज असेल तर पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, त्यावर रेड ऑक्साईड, ते सुकल्यावर सीलंट. गंजावर लावलेलं सीलंट म्हणजे जखमेवर नुसतं फडकं. सीलंट गाडीच्या पत्र्यासाठीचं, पॉलियुरेथेनचं घ्यावं. न्हाणीघरात वापरतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला खातं आणि त्यावर रंगही धरत नाही. हुडाच्या शिवणीवर आतून-बाहेरून मेण घासलं तर बरंच पाणी थांबतं.

एक काम मात्र कधीही करू नये. दाराच्या तळाची आणि उंबरठ्याची भोकं सीलंटनं बुजवू नयेत. ती गळती नाहीत, ती पाण्याची मोरी आहे. उलट पावसाळ्याआधी मऊ तारेनं त्यातला चिखल काढावा.

आणि गळती थांबली म्हणजे जीप होडी झाली, असंही नाही. दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीसुद्धा ढकलून नेतं. आत पाणी शिरत नसेल तर ती उलट लवकर तरंगते. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावं, घरचे उशिरा जेवतील.

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी. नेकनूरच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी बैल घेत नाही. जुनी जीप मात्र नवा रंग आणि नवी मॅट पाहून घेतली जाते. घेताना मॅट उचला, नमदा दाबून पाहा, सीटचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या वायरी बघा. कुबट वास अत्तराखाली लपवलेला तर नाही ना, तेही पाहा. विकणाऱ्यासाठी हदीसमधला प्रसंग पुरेसा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? फसवणारा आपल्यातला नाही, असंही त्यांनी बजावलं. भिजलेली जीप विकण्यात गैर काही नाही. ती भिजली होती हे सांगा, मॅट आपल्याच हातानं उचलून दाखवा आणि मग किंमत ठरवा. दोन पैसे कमी मिळतील, पण उद्या त्या सीटवर कोणाचं तरी लेकरू बसणार आहे.