मोठी ‘म्हादेई’ की छोटी ‘थुरिया’?

नाशिकला समुद्र नाही. पाणी बघायचं तर रामकुंड, नाहीतर गंगापूर धरण. तरीही परवा मेसमध्ये पोळ्या गार होईपर्यंत वाद झाला तो शिडाच्या होड्यांवर! सुरुवात बाहाच्या गाडीवरून झाली होती. ‘आपलं बजेट छोटं, म्हणून आपण हरतो’ हे आमच्या टीमचं आवडतं रडगाणं. त्यात माझा रूम पार्टनर म्हणाला, “थुरियाचं काय झालं बघ. छोटी होती म्हणून मोडली. म्हादेई असती तर अभिलाष टॉमी आरामात घरी आला असता.”

मला हे अजिबात पटलं नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या दोन्ही होड्या गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या. म्हादेई ५६ फुटी, एका डोलकाठीची, आणि ती काठी २५ मीटर उंच! हिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता १५० दिवसांत फिरून आले. थुरिया २०१७ ची, ३२ फुटी, दोन डोलकाठ्यांची. ती म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती. आणि सुहेली बांधली होती कुठे? आपल्या मुंबईत, १९६० च्या दशकात, सागवानात.

आता जरा हिशेब करू (सरांनी चुका काढाव्यात!). पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. ही लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, नॉट्समध्ये साधारण कमाल वेग मिळतो. थुरियासाठी २८ फूट धरले तर ७.१, म्हादेईसाठी ४९ धरले तर ९.४. फरक सव्वादोन नॉट्सचा, म्हणजे दिवसाला ५५ सागरी मैल. वारा रोज पुरेसा नसतो, त्यामुळे खरा फरक कमी पडतो. पण महिने मोजायचे म्हटलं की तोही पुष्कळ होतो. शिवाय हळू होडीला दिवस जास्त लागतात, म्हणून अन्नपाणी जास्त लागतं, आणि ते ठेवायला जागा मात्र कमी!

दुसरी गोष्ट स्थिरतेची. हुबेहूब तोच आकार ठेवून लांबी १.७५ पट केली (३२ ची ५६), तर शिडावरच्या वाऱ्याचा पाडणारा मोमेंट लांबीच्या घनाने, म्हणजे ५.४ पट वाढतो. सरळ उभी करणारा मोमेंट चौथ्या घाताने, म्हणजे ९.४ पट. मोठी होडी आपोआपच ताठ. म्हणून छोट्या होड्या लांबीच्या मानाने जड बांधाव्या लागतात.

इथपर्यंत रूम पार्टनर जिंकला. पण त्याच हिशेबात शीड तिप्पट मोठं होतं, आणि माणूस मात्र तोच राहतो. रात्री दोन वाजता वादळात ते शीड उतरवायचं एकट्यानेच! दोंदे आणि टॉमी यांनी ते केलं याचं मला कौतुक याचसाठी वाटतं.

आता अपघात. आडवी येणारी फुटती लाट होडीच्या लांबीच्या ३० टक्के उंच असेल तर होडी उलटू शकते, ६० टक्के असेल तर बहुतेक उलटतेच, असा ठोकताळा आहे. थुरियासाठी हे आकडे १० आणि १९ फूट, म्हादेईसाठी १७ आणि ३४. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात लाटा सुमारे १४ मीटरच्या, म्हणजे ४५ फुटांच्या होत्या असं सांगितलं गेलं. अशी लाट नेमकी आडवी फुटली असती तर म्हादेईचीही खैर नव्हती. त्याच वादळात एका आयरिश स्पर्धकाची ३६ फुटी होडीही डोलकाठ्या गमावून बसली. टॉमींच्या पाठीला जबर मार लागला, ते होडीतच पडून होते. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

मग असल्या समुद्रात ३२ फुटी होडी न्यायचीच कशाला? कारण ती शर्यत होती, गोल्डन ग्लोब. नियमच असा की होडी ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८ पूर्वीचा, कील लांब आणि सुकाणू तिलाच जोडलेलं. जीपीएस बंद, सेक्स्टंट चालू. आपल्याला वाटतं शर्यतीची होडी म्हणजे वेगवान होडी. इथे उलटं आहे: फिरायला मोठी आणि वेगवान, शर्यतीला छोटी आणि हळू! सगळ्यांना सारखी बेडी घालायची आणि मग बघायचं कोण पळतो. बाहात सगळ्यांना इंजिन एकच देतात ते याचसाठी. गेल्या वर्षी आमची गाडी ब्रेकच्या तपासणीतच बाहेर पडली. त्यात बजेटचा काय संबंध? वेल्डिंग आम्हीच कच्चं केलं होतं. हे वाचून टीम माझ्यावर चिडेल, पण चिडू दे.

आणि टॉमी? ते पुन्हा उभे राहिले, २०२२ च्या त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये २३६ दिवसांनी दुसरे आले. होडी होती ‘बायानात’, ३६ फुटी. थुरियापेक्षा फक्त चार फूट जास्त, म्हादेईपेक्षा वीस फूट कमी.

रूम पार्टनरने शेवटी विचारलं, “मग तू कुठली घेशील?” शर्यतीला थुरिया. आईला फिरवायचं असेल तर म्हादेई, यात मला शंका नाही. तो म्हणाला, “तुला पोहता तरी येतं का?”

येत नाही. रविवारी गंगापूरला जाऊन बघतो म्हणालोय.