घोडा अडला, दोष कोणाचा?

ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभळ जिल्ह्यात पोलीस आणि गुन्हेगार यांची चकमक सुरू असताना एका पोलीस अधिकाऱ्याने तोंडानेच ‘ठांय ठांय’ असा आवाज काढला. त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि लोकांनी पोट धरून हसून घेतले. रिव्हॉल्व्हर ऐन वेळी अडले होते, असा खुलासा पोलिसांकडून मागाहून करण्यात आला. पुढे दहा महिन्यांनी, २१ ऑगस्ट २०१९ रोजी, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी सुपौल जिल्ह्यात मानवंदनेसाठी २२ रायफली आकाशाकडे रोखल्या गेल्या. तत्कालीन मुख्यमंत्री समोर उभे होते. त्या बावीसांपैकी एकीचाही बार उडाला नाही. याही वेळी लोक हसले, चौकशीचे आदेश निघाले आणि प्रकरण विस्मरणात गेले.

थट्टा करणे सोपे असते. परंतु पहिल्या प्रसंगात अंधारात समोरून गोळी येण्याची शक्यता असताना हातातील हत्यार निकामी झालेला एक नोकरदार माणूस उभा होता, ही गोष्ट त्या हशात बुडून गेली. त्याचे हत्यार का अडले, ते कोणी बनविले, कोणी तपासले, शेवटचे कधी दुरुस्त झाले आणि त्या दोषाचा जाब कोण देणार, हे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत. सायकल, पंखा किंवा घड्याळ बिघडले तर दुकानदाराकडे हमीचा कागद घेऊन तावातावाने जाणारा आपला मध्यमवर्ग या एका वस्तूच्या बाबतीत मात्र विलक्षण उदासीन आहे. वस्तू आपल्या घरातली नाही, हे त्याचे कारण. पण ज्या हवालदाराच्या भरवशावर आपण रात्री झोपतो, त्याच्या कमरेला ती असते.

तीन आरोपी

‘घोडे कोठे पेंड खाते’ असे आपण सहज म्हणतो. बंदुकीच्या घोड्याबाबत हा प्रश्न अक्षरशः विचारावा लागतो. चाप ओढला, घोडा पडला आणि तरीही बार उडाला नाही, तर आरोपी तीन असू शकतात. पहिला आरोपी म्हणजे यंत्र. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी फायरिंग पिन झिजलेली असेल, घोड्यामागची स्प्रिंग मऊ पडली असेल, किंवा रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र नळीच्या तोंडाशी नेमके जुळत नसेल. दुसरा आरोपी काडतूस. ते जुने असेल, दमट हवेत राहिले असेल, किंवा मुळातच सदोष निघाले असेल. तिसरा आरोपी वापरणाऱ्याचा हात. हत्यार वर्षानुवर्षे पुसलेच नसेल, तेलाचा अतिरेक होऊन त्यावर धूळ बसली असेल, किंवा पिस्तुलाची पकड ढिली राहिल्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले न जाता मध्येच अडकले असेल.

या तिघांतील खरा कोण, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. शिवाय तपासात घाई करणे जीवघेणे ठरू शकते. बार उडाला नाही तरी काडतूस काही क्षणांनी पेट घेऊ शकते. म्हणून नळी निर्धोक दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, असा शिरस्ता आहे. आवाज फुसका आला तर गोळी नळीतच रुतून बसलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी दुसरा बार काढणे म्हणजे नळी फोडून घेणे. काडतुसे बदलूनही तोच दोष दिसला तर संशय यंत्राकडे वळतो, आणि नव्या काडतुसांनी दोष नाहीसा झाला तर जुन्या साठ्याकडे. इतके झाल्यावर सामान्य माणसाने थांबावे. पुढचे काम जाणकार कारागिराचे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार तर परवान्यावाचून असा दुरुस्तीचा व्यवसाय करताच येत नाही.

सुभेदारांची अडचण

आता एका काल्पनिक परंतु मुळीच अशक्य नसलेल्या माणसाचा विचार करू. पुण्यात सेवानिवृत्त सैनिकांची वस्ती मोठी. असेच एक सुभेदार निवृत्तीनंतर एखाद्या सराफी पेढीवर रखवालीची नोकरी करतात. रीतसर परवाना काढून, सेवानिवृत्तीच्या रकमेतून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर घेतले. साधारण नागरिकाला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे त्यानंतरची कित्येक वर्षे नवे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायचे म्हणजे सरकारी आयुध कारखान्याचेच घ्यायचे, अशी स्थिती होती. अलीकडे खासगी कारखान्यांना परवाने मिळू लागले, तरी निवड अजून तोकडीच आहे. किंमतही थोडीथोडकी नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांच्या संरक्षणाचे साधन म्हणून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. एका लिपिकाचे कित्येक महिन्यांचे वेतन त्यात जावे.

हे हत्यार हमीच्या मुदतीतच अडू लागले तर सुभेदारांनी काय करावे? गल्लीतल्या कारागिराकडून ते उघडून घेतले तर हमी गेलीच म्हणून समजावे. कारखाना कानपूरला, म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक दूर. बिघडलेली इस्त्री खोक्यात भरून पार्सलाने पाठवावी, तसे रिव्हॉल्व्हर पाठविता येत नाही. परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर ते घेऊन उत्तर प्रदेशात पाऊल टाकणे हाच गुन्हा ठरेल. कायद्याने एक छोटी खिडकी उघडी ठेवली आहे. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाच्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, परवाना नसलेली व्यक्तीही दुरुस्तीसाठी हत्यार नेऊ शकते. परंतु हे परंतुक किती परवानाधारकांना ठाऊक असेल, आणि वाटेत एखाद्या नाक्यावर अडविणाऱ्या शिपायाला ते किती पटेल, याची शंकाच आहे. परिणामी सुभेदार हत्यार पेटीत ठेवून देतात आणि दुसऱ्या दिवशी पेढीच्या दारात केवळ मिशांच्या भरवशावर उभे राहतात.

पोलीस शिपायाची स्थिती याहून बिकट आहे. त्याचे हत्यार खात्याने विकत घेतलेले असते. खरेदीचा करार सरकार आणि कारखाना यांच्यातला. हमीचा कागद कचेरीच्या कपाटात असतो आणि हत्यार त्याच्या कमरेला. ते अडले तर जीव त्याचा जातो, आणि तक्रारीचा अर्ज मात्र वरिष्ठांच्या मर्जीने पुढे सरकतो. उलट, हत्याराची निगा राखली नाही असा ठपका आपल्यावरच येईल, या भीतीने तो बहुधा गप्प राहणेच पसंत करत असेल.

उत्पादकाचे ठरलेले उत्तर

ही भीती अनाठायी नाही. हत्यार अडल्याची तक्रार आली की उत्पादकाकडून पहिले बोट वापरणाऱ्याकडे दाखविले जाते. येथे पुण्याचाच संबंध असलेले एक उदाहरण आठवते. लष्कराच्या इन्सास रायफलीचा आराखडा पाषाण येथील आयुध संशोधन संस्थेत तयार झाला. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट येथे माओवाद्यांशी झालेल्या लढाईत नेपाळी सैन्याचे चाळीसहून अधिक जवान मारले गेले. भारताकडून मिळालेल्या इन्सास रायफली दीर्घकाळ मारा करताना अडल्या, असे नेपाळी सैन्याने जाहीरपणे सांगितले. भारतीय बाजूचे उत्तर असे की, वापर आणि निगा योग्य झाली नसावी. दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश असू शकेल. परंतु कारखाना सरकारचा, आराखडा सरकारचा, आणि दोष कोणाचा याचा निवाडाही सरकारी तज्ज्ञांचाच, अशी रचना असल्यावर वापरणाऱ्याचे समाधान कसे व्हावे? आरोपीनेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसावे, असा हा प्रकार आहे.

खासगी कारखानदारीने हा प्रश्न आपोआप सुटेल, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग नेमला गेला. सदोष खेळणी आणि विजेची उपकरणे बाजारातून परत मागविण्याचे अधिकार त्याला आहेत. बंदुका मात्र त्याच्या कक्षेतून वगळल्या आहेत. म्हणजे खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले तर आयोग ते परत मागवू शकतो, खरे पिस्तूल मागवू शकत नाही. २०१७ मध्ये सिग सावर कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनातून जमिनीवर पडल्यास आपोआप उडते, असे चाचण्यांत दिसून आले. तेव्हा कंपनीने पिस्तूल सुरक्षितच असल्याचे सांगत ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली. दोष मान्य केला नाही आणि दुरुस्ती मात्र देऊ केली. उत्पादक सरकारी असो वा खासगी, स्वतःच्या चुकीबद्दल त्याची भाषा सारखीच असते.

पंच हवा

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट नेमबाजीच्या मैदानाने फार पूर्वी शोधून ठेवली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात हत्यार अडल्यास काय करावे याचे बारीकसारीक नियम आहेत. खेळाडूने हत्यार तसेच रोखून पंचाला बोलवायचे. काडतूस पेटले नाही, गोळी नळीत रुतली किंवा चापाची यंत्रणा बिघडली, तर तो दोष खेळाडूचा नव्हे. त्याला पुन्हा संधी मिळते. हत्यार भरलेच नव्हते, किंवा पंचाने पाहण्यापूर्वीच खेळाडूने यंत्रणेला हात लावला, तर मात्र दोष त्याचा. हा निर्णय खेळाडू देत नाही आणि पिस्तुलाचा कारखानदारही देत नाही. तो देतो तिऱ्हाईत. अर्थात पंच असला म्हणून सारी हानी भरून निघते असे नाही. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि त्या बाराव्या क्रमांकावर राहिल्या. मैदानावर हुकलेली संधी त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकांनी भरून काढली. चकमकीत उभ्या असलेल्या शिपायाला अशी दुसरी संधी मिळत नाही. म्हणूनच त्याच्या हत्याराचा पंच प्रसंग येण्याआधीच नेमलेला असला पाहिजे.

नागरिकांपुरता असा पंच आज कायद्यात उपलब्ध आहे, हे समाधानाने नमूद केले पाहिजे. आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये याच शहरात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. सुभेदारांना आता कानपूर गाठण्याचे कारण नाही. दोषाची खात्री करण्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकावर दायित्वही टाकता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा खरेदीची पावती, काडतुसांचा तपशील आणि दोष कधी कसा दिसला याची तारीखवार नोंद जपून ठेवणे, हे परवानाधारकाचे पहिले काम होय.

शासनाने आणखी तीन गोष्टी कराव्यात. हमीतील हत्यार स्थानिक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता यावे आणि त्याची ने-आण उत्पादकाने स्वखर्चाने करावी. पोलिसांच्या हत्यारांतील प्रत्येक बिघाडाची तपासणी कारखाना आणि पोलीस खाते या दोहोंपासून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेने करावी, आणि तिचा गोषवारा दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. बिघाड कळविणाऱ्या शिपायाला त्याच्या अहवालाची पोच मिळावी आणि चौकशी पुरी होईपर्यंत त्याच्यावर ठपका ठेवू नये. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. काडतुसे व दारूगोळा पाहणाऱ्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे, आणि १८६९ पासूनचा खडकीचा कारखाना तिच्याच छत्राखाली आला आहे. कंपनी म्हणून नफा मिळवायचा तर कंपनी म्हणून हमीही पाळली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, शस्त्रांचा प्रसार नको म्हणणाऱ्यांनी शस्त्रांच्या दुरुस्तीची चिंता का वाहावी? प्रस्तुत लेखकालाही घरोघरी पिस्तुले नको आहेत. परवाने कमीच असावेत, आणि जे आहेत त्यांचीही काटेकोर छाननी व्हावी. परंतु समाजाने ज्याच्या हातात हत्यार देऊन ‘तू आमचे रक्षण कर’ असे सांगितले, त्याला निकामी हत्यार देणे ही अहिंसा नव्हे, फसवणूक आहे. शिवाय न उडणारे हत्यार जितके घातक, तितकेच नको तेव्हा उडणारेही. पेढीच्या दारातल्या रांगेत उभा असलेला शिक्षक किंवा विद्यार्थी या दोन्ही दोषांच्या टप्प्यात येतो. त्यामुळे तो शिपाई पुढच्या वेळी ‘माझे हत्यार अडले’ असे सांगेल, तेव्हा हसण्याआधी त्या हत्याराची तपासणी कोणी केली, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.