पाणंद रस्त्यांवरील गाड्यांचा भार

सन २०२५ च्या शासननिर्णयाने शेतरस्त्याची किमान रुंदी तीन ते चार मीटर ठरली, व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याची सोय झाली. महसूल दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस ही व्यवस्था विशेष इष्ट वाटते. नोंद नसलेल्या वाटेपायी किती कज्जे होतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. परंतु त्या वाटेने किती भाराची गाडी जावी, हा प्रश्न तसाच राहिला.

यावल तालुक्यातील काळी जमीन ओली झाली म्हणजे फुगते. बैलगाडीने जेथे चाकोरी पडे, तेथे मालमोटारीने आता गुडघाभर खड्डे पडतात. केळीची कापणी पावसासाठी खोळंबून ठेवता येत नाही, हे खरे. गाडी बांधापर्यंत न आल्यास व्यापारी भाव पाडून मागतो, हेही खरे. म्हणून ज्याचा माल आधी निघाला तो गाडी आत घेतो, आणि ज्याचा मागाहून निघावयाचा तो चिखलात रुततो.

आसावरील भार दुप्पट झाला असता पक्क्या रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० च्या परीक्षांत दिसून आले. आपल्याकडे चार चाकांच्या एकेरी आसाचा भार सन २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला. भार १३ टक्के वाढला. वरील हिशेबाने झीज ६० टक्के वाढली. मग मातीच्या वाटेची काय कथा!

'पाणंदीत कायदा कसला?' असे विचारणारे भेटतात. हा भ्रम होय. खाजगी बांधावरील वाटेची गोष्ट निराळी. परंतु जेथे लोकांस जाण्याचा हक्क आहे, ती वाट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागाच ठरते. जादा भारास २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये दंड, शिवाय दर जादा टनास दोन हजार. त्याच कायद्याच्या कलम ११५ अन्वये शासनास, किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास, रस्त्याचे स्वरूप पाहून विशिष्ट गाड्यांस मनाई करता येते. मनाई महिन्याहून अधिक नसेल तर राजपत्राचीही गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते.

आमच्या मते भर पावसाच्या महिन्यांत गावनकाशावरील पाणंदींत मालमोटारींस अशी मनाई व्हावी, आणि माल हलक्या गाडीने डांबरी सडकेपर्यंत आणून तेथे भरावा. दुहेरी हाताळणीने थोडा खर्च वाढेल व घडांस डागही लागतील, हे आम्ही नाकारीत नाही. तो खर्च व्यापाऱ्याने व बागाइतदाराने निम्मेनिम्म सोसावा. भरणीस जागा ग्रामपंचायतीने नेमून द्यावी, आणि ग्रामसभेने तसा ठराव मृगापूर्वी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.