आशेचें माप

विस्मृतीच्या रोगावर औषध सांपडलें ही वार्ता गेल्या कांहीं वर्षांत वृत्तपत्रांतून इतक्या वेळां येऊन गेली आहे कीं, ती खरी असती तर हा रोग एव्हांना इतिहासांत जमा झाला असता. ज्या घरांत अल्झायमरचा रुग्ण आहे, तेथें अशा वार्तेनें दोन दिवस मोठी धांदल उडते. कोणी परदेशांतील मुलाकडे विचारणा करितो, कोणी ठेवींच्या पावत्या काढून बसतो. आणि ज्याच्याकरितां हें सारें चालतें, त्या माणसाला आपल्याला कोणता रोग आहे हेंच पुष्कळदां कोणी सांगितलेलें नसतें! वृत्तपत्र अर्धी गोष्ट फुगवून सांगतें, घर अर्धी गोष्ट दडवून ठेवितें. हीं दोन्ही अर्धसत्यें एकाच जातीचीं असून त्यांचा बळीहि एकच आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम वृत्तपत्री अर्धसत्य घेऊं. १९०६ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें भरलेल्या वैद्यसभेंत आलोइस अल्झायमर यानें एका मृत स्त्रीच्या मेंदूंत दिसलेले, पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके व पेशींच्या आंत वळलेले तंतूंचे गुंते वर्णन केले. ते पुंजके ॲमिलॉइड नांवाच्या प्रथिनाचे असतात. त्याचें साचणें हेंच रोगाचें मूळ होय, हा सिद्धांत १९९२ सालीं हार्डी व हिगिन्स यांनीं मांडला, आणि पुढें औषधशोधाचा मोठा ओघ त्याच वाटेनें गेला. त्या वाटेवरील ॲड्युकॅनुमॅब या औषधाची हकीकत बोधप्रद आहे. गुण येण्याचा संभव दिसत नाहीं म्हणून मार्च २०१९ मध्यें त्याच्या चांचण्या थांबविण्यांत आल्या. त्याच वर्षीं कंपनीनें आंकडे पुन्हां तपासून गुण येतो असें जाहीर केलें. नोव्हेंबर २०२० मध्यें अमेरिकेच्या औषधनियामक खात्याला त्याच्या तज्ज्ञसमितीनें प्रतिकूल मत दिलें. तरीहि जून २०२१ मध्यें खात्यानें परवानगी दिली, व समितीच्या तीन सभासदांनीं राजीनामे दिले. औषधाची वर्षाची किंमत प्रथम ५६,००० डॉलर ठेविली होती. जानेवारी २०२४ मध्यें कंपनीनेंच तें सोडून देत असल्याचें सांगितलें. मथळे मात्र मंजुरीच्या दिवशीं जेवढे ठळक होते, तेवढे या दिवशीं नव्हते.

त्यानंतरचें लेकानेमॅब हें औषध याहून पुष्कळ प्रामाणिक पायावर उभें आहे. त्यानें रोगाचा वेग शेंकडा २७ नें मंदावतो, असें आपण वाचलें. तें खोटें नाहीं. पण पूर्ण गोष्ट अशी आहे. १७९५ रुग्णांवर अठरा महिने प्रयोग झाला. रोगाची तीव्रता मोजण्याचें माप अठरा गुणांचें होतें. नुसतें पाणी टोंचलेल्या रुग्णांची स्थिति सरासरी १.६६ गुणांनीं बिघडली, औषध घेतलेल्यांची १.२१ गुणांनीं. फरक ०.४५ गुणाचा, आणि या मापाची सर्वांत लहान पायरीच अर्ध्या गुणाची आहे! कोणी बरा झाला नाहीं; उतरण तीच राहिली, उतरणें किंचित् सावकाश झालें. त्यासाठीं दर पंधरवड्यास शिरेंतून औषध घ्यावयाचें, मेंदूचीं चित्रें पुनःपुन्हां काढावयाचीं, आणि शेंकडा १२.६ रुग्णांच्या मेंदूस सूज आली हें ध्यानांत ठेवावयाचें. अमेरिकेंत २०२३ सालीं त्याची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सुमारें बावीस लाख रुपये ठरली. ऑगस्ट २०२४ मध्यें इंग्लंडांत त्यास परवानगी मिळाली, पण त्याच दिवशीं तेथील मूल्यमापन-संस्थेनें आपल्या मसुद्यांत, सरकारी खर्चानें देण्याइतका त्याचा लाभ नाहीं, असा अभिप्राय दिला.

तर मग हें औषध निरुपयोगी काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. रोगाची चाल यत्किंचित् का होईना मनुष्याच्या हातून अडली, ही संशोधनांतील मोठीच गोष्ट आहे. आणि नातवंडांना नांवानें हांक मारण्याचे चार महिने अधिक लाभणें याचें मोल कोणी बाहेरच्यानें ठरवावें? एखादा त्यासाठीं सारी पुंजी देईल. दुसरा म्हणेल, हे महिने मला रुग्णालयाच्या खाटेवर घालवावयाचे नाहींत. दोघांचेंहि बरोबर आहे. मात्र हें मोल ठरविण्याचा अधिकार ज्याचे ते महिने आहेत त्याचा आहे. आणि आपणांस काय झालें आहे हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो मोल काय ठरविणार? येथेंच पहिलें अर्धसत्य दुसऱ्याशीं जुळतें.

दुसऱ्या अर्धसत्याचे कैवारी म्हणतात, "सांगितलें तर धीर खचेल, झांकली मूठ सव्वा लाखाची." ही भाषा प्रेमाची आहे, हें आम्हांस मान्य आहे, पण ती विचाराची नाहीं. रोगाच्या आरंभीं रुग्णास आपलें कांहींतरी निसटत आहे हें पुष्कळदां कळत असतें, आणि घरांतील कुजबूज ऐकून तो एकटाच भितो. शिवाय हीं नवीं औषधें रोगाच्या अगदीं प्रारंभींच्या अवस्थेंतच देतां येतात. मौनांत गेलेलें प्रत्येक वर्ष ही ती संधि घालविण्याची हमी होय. औषधाचा धोका आनुवंशिक घडणीवर अवलंबून असल्यामुळें तत्पूर्वीं रक्ताची तशी परीक्षा करण्याची शिफारस आहे. तिचा निकाल मुलाबाळांनाहि लागू पडणारा. अशा निर्णयास संमति द्यावयाची ती कोणी? मृत्युपत्र, पैशाचा व्यवहार, अपुरें राहिलेलें काम, हीं सर्व ज्या बुद्धीनें उरकावयाचीं ती बुद्धि आज आहे, उद्यां असेलच असें नाहीं.

धीर खचतोच असेंहि नाहीं. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यानें २००७ सालीं आपला रोग स्वतः जाहीर केला, संशोधनास दहा लक्ष डॉलर दिले, आणि २०१५ सालीं मरण येईपर्यंतच्या काळांत पुस्तकें लिहिलीं. अमेरिकन मज्जातंतुवैद्य डॅनियल गिब्ज हा स्वतःच या रोगाचा रुग्ण. त्यानें ॲड्युकॅनुमॅबच्या चांचणींत भाग घेतला, मेंदूच्या सुजेनें त्यास अतिदक्षता विभागांत न्यावें लागलें, आणि पुढें २०२१ सालीं त्यानें सर्व हकीकत पुस्तकरूपानें मांडली. संशोधनाकडे पाहण्याचा हाच पुरुषार्थी मार्ग होय: धोका समजून घेऊन, आपल्या नांवानें.

उलट टोंकाची एक मंडळी "साठी बुद्धि नाठी" म्हणून सर्वच झटकून टाकिते. हा म्हातारचळ नव्हे, रोग आहे. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत साठी ओलांडलेल्यांपैकीं सुमारें ८८ लाख लोक अल्झायमर किंवा अन्य प्रकारच्या बुद्धिभ्रंशानें ग्रस्त आहेत. २०२४ मध्यें 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळानें बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकलकोंडेपणा इत्यादि चौदा कारणें सांगून, तीं टाळतां आलीं तर अशा रोगांपैकीं शेंकडा ४५ टळतील वा लांबतील, असा अंदाज दिला आहे. हा रोग जडल्यावरचा उपाय नव्हे. पण बावीस लाखांच्या औषधाची चौकशी करणाऱ्या घरांत वडिलांचें श्रवणयंत्र मात्र वर्षानुवर्षें "पाहूं पुढें" म्हणून राहतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

आमची मागणी माफक आहे. नवी वार्ता आली कीं तीन प्रश्न विचारावे: कोणत्या अवस्थेंतील रुग्णास? किती गुण, कोणत्या मापानें? आणि कोणती हानि, किती खर्च? ज्या वार्तेंत यांची उत्तरें नसतील ती जाहिरात समजावी. आणि उत्तरें मिळालीं कीं तीं प्रथम रुग्णापुढें, त्याला समजतील अशा शब्दांत, त्याला ऐकावयाचें असेल तितकीं, ठेवावीं. संशोधनाचें घड्याळ वर्षांनीं चालतें, रुग्णाचें महिन्यांनीं. त्या महिन्यांची उधळपट्टी खोट्या आशेनें होवो कीं प्रेमळ मौनानें, तोटा त्याचा एकट्याचा असतो. आणि तो भरून देण्याचें औषध कोणत्याहि प्रयोगशाळेंत तयार होत नाहीं.