हातमोजे मुकादमाने द्यायचे, उचलीतून कापायचे नाहीत



दिवाळी झाली की मोलगी, धडगावकडून ट्रक भरून लोक ऊसतोडीला निघतील. बारडोली, सुरतकडे आपल्याला माणूस म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हा कोयता हातावर बसला तर जबाबदारी कोणाची, हे उचल देताना कोणी बोलत नाही. फडकं बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फडात.

काही जुनी माणसं म्हणतात, आपल्या हाताला सवय आहे, मोजे कशाला? हाताला घट्टे पडतात हे खरं. पण तुटलेलं बोट परत येत नाही.

मुकादम फार झालं तर सुती मोजे देईल. ते कोयत्यापुढे कामाचे नाहीत. धार अडवणारे मोजे वेगळ्या धाग्याचे असतात. एक केवलार, पिवळसर रंगाचा. तो उष्णता सोसतो, पण उन्हात पडून राहिला की कमजोर होतो. दुसरा डायनीमासारखा धागा, हलका, पाणी न पिणारा. पण दीडशे अंशाच्या आसपास तो वितळतो, म्हणून चुलीजवळ नेऊ नका.

मोज्यावर हातोडीचं चित्र आणि खाली आकडे असतात. दुसरा आकडा कापण्याचा, ५ सगळ्यात मजबूत. नव्या मोज्यांवर आकड्यांनंतर ए ते एफ असं इंग्रजी अक्षर असतं, त्यात एफ सगळ्यात मजबूत. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा. तळव्याला रबरासारखा थर हवा, नाहीतर ऊस निसटतो. बायांना त्यांच्या मापाचे मोजे हवेत, ढिले मोजे जास्त धोक्याचे. ऊस धरणाऱ्या हाताला मोजा आधी पाहिजे, तिथेच कोयता लागतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. घसरून लागलेली धार आणि पाचटाचे काप हे मोजे अडवतात. जोरात बसलेला घाव अडवत नाहीत. रसाच्या चरकाजवळ, कुट्टी मशीनवर मोजे घालूच नका, ते हात आत ओढून घेतात. आणि रात्री झोप नाही, दिवसभर तोड, अशा थकलेल्या माणसाला कोणताच मोजा वाचवत नाही.

आता पैसे कोणी द्यायचे? परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता.  त्यात लिहिलं होतं की पाच किंवा जास्त मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने संरक्षणाचे कपडे द्यायचे, औषधपाणी फुकट करायचं, फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. मोठी इजा झाली तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायचं होतं. ठेकेदाराने या सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या होत्या. म्हणजे मोजे ही मेहेरबानी नाही. त्याचे पैसे उचलीत लिहिले तर ती लूट आहे.

एकटा माणूस मागेल तर मुकादम दुसरा कोयता शोधेल. म्हणून माझं म्हणणं, उचल घेण्याआधी पाड्यापाड्यावर बैठक घ्या. पूर्ण टोळीने एकच बोलायचं: मोजे, दवाखाना, पासबुक. नाहीतर ट्रकमध्ये चढायचं नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आपण जमिनीचे दावे टाकलेत. पट्टा हातात येईल तेव्हा ती जमीन कसायला दोन्ही हात शाबूत पाहिजेत.