किती एचपीचा घेऊ?

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून ऑफिसातल्या निम्म्या लोकांना आपापली गावाकडची जमीन आठवायला लागली आहे. कोणाची जुन्नरला चार एकर, कोणाची साताऱ्याकडे दोन. मी द्राक्षवाल्या घरातला, आणि आमच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे चहाच्या मशीनपाशी हमखास प्रश्न येतो, "किती एचपीचा घेऊ रे?"

माझं मत विचाराल तर हा प्रश्नच चुकलेला आहे. हे मी शहाणा आहे म्हणून सांगत नाहीये. आमच्या घरात हाच प्रश्न आधी आम्ही सगळ्यांनी मिळून चुकवलेला आहे, म्हणून सांगतोय.

आमची जमीन निफाड तालुक्यात, साडेतीन एकर. त्यातली अडीच एकर द्राक्षबाग, बाकी कांदा. २०१९ पर्यंत घरचा ट्रॅक्टर नव्हता. नांगरट, रोटाव्हेटर, फवारणी, सगळं भाड्याने. पुण्यात बसून मला ते फारच शहाणपणाचं वाटायचं. वर्षाला मोजून काही तास लागणाऱ्या यंत्रात पैसे कशाला अडकवायचे? सर्व्हर विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्या, हे तर मी ऑफिसात रोजच सांगतो.

मग आला २०१९ चा ऑक्टोबर. गोडी छाटणी झालेली, घड बाहेर पडलेले, आणि पाऊस थांबायला तयार नाही. अशा वेळी डावणीचं औषध पाऊस उघडल्याबरोबर काही तासांत पडलं तर पडलं. आमचा भाडोत्री ट्रॅक्टरवाला तिसऱ्या दिवशी आला. त्याचाही दोष नव्हता म्हणा. गावातल्या प्रत्येक बागेला तो त्याच सकाळी हवा होता. धाकटा भाऊ पाठीवरचा पंप घेऊन जमेल तेवढं मारत राहिला, पण अडीच एकर म्हणजे काय परसातली बाग आहे? निम्मे घड गेले. आप्पा त्या दिवाळीत जेवताना सुद्धा कोणाशी बोलले नाहीत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी सरासरी मोजत होतो. वर्षाच्या सरासरीवर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्तच. पण ज्या दिवशी सगळ्यांना एकदम लागतो, त्या दिवशी तो नसतोच. सर्व्हरच्या बाबतीत ही गोष्ट मी सहज ओळखली असती. बागेच्या बाबतीत नाही ओळखली.

म्हणजे घ्यायचा हे ठरलं. आता किती मोठा?

भावाचं ठाम मत : ४५. "दादा, घ्यायचा तर नांगर ओढणारा घे. लहान ट्रॅक्टर बघून लोक हसतात." आणि मी, अर्थातच, एक्सेल शीट उघडली. सगळी कामं, तास, डिझेल, हप्ता मांडून उत्तर काढलं : १५ एचपी. महिंद्राच्या युवराजसारखा एका सिलिंडरचा. स्वस्त, हलका, हप्ता झेपणारा. आठवडाभर फोनवर भांडणं झाली. शेवटी आप्पा म्हणाले, "आधी टेप घेऊन बागेत जा दोघंही."

गेलो. आमच्या ओळी नऊ फुटांवर, वाय पद्धतीच्या. कागदावर नऊ फूट असले तरी वायचे हात, तारा आणि लोंबणाऱ्या काड्या सोडून मधे मोकळं राहतं ते जेमतेम साडेपाच. ४५ एचपीचा ट्रॅक्टर मागच्या चाकांशी जवळपास तेवढाच रुंद भरतो. म्हणजे जाईल, पण जाताना घड पाडत जाईल. शिवाय पावसानंतरच्या ओल्या काळ्या मातीत तेवढं वजन दर वेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून फिरवायचं म्हणजे मुळांजवळची माती हाताने दाबून बसवण्यासारखं आहे. भावाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला, आणि तो मोकळेपणाने हसला सुद्धा.

माझा मुद्दा निकालात निघायला अजून चार दिवस लागले. एका विक्रेत्याकडून १५ एचपीवाला ब्लोअरसकट बागेत चालवून बघितला. सपाटीला झकास चालला. पण आमची बाग ओहोळाकडे उतरती आहे. भरल्या टाकीनिशी चढाला लागला तशी इंजिनाची घरघर खाली आली. होतं काय, की कागदावरचे १५ एचपी हे इंजिनचे असतात. मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत त्यातले अकरा-बाराच पोचतात. चढावर त्यातलेही काही चाकं मागतात. पीटीओला ५४० फेरे मिळाले नाहीत की ब्लोअरचा पंखा मंद होतो, हवा कमी पडते, आणि औषध वरच्या पानांपर्यंत पोचतच नाही. फवारणी झाल्यासारखी दिसते, होत मात्र नाही. (आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते वाचणाऱ्या मंडळींना माहीत आहेच.)

माझ्या शीटमध्ये 'चढ' नावाचा कॉलमच नव्हता.

शेवटी २०२० मध्ये २४ एचपीचा, चारही चाकं ओढणारा, रुंदीला चार फुटांच्या आतला घेतला. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर आजही भाड्यानेच येतो. एकराला दीड-दोन तास, काम संपलं. नांगरट आज नाही तर परवा झाली तरी काही बिघडत नाही. आणि इथेच माझा सगळा मुद्दा आहे : जे काम थांबू शकत नाही, त्याच्या मापाचा ट्रॅक्टर विकत घ्या. जे थांबू शकतं, ते भाड्याने करून घ्या. लोक नेमकं उलटं करतात. वर्षातून एकदा होणाऱ्या सगळ्यात अवजड कामाच्या मापाने ट्रॅक्टर घेतात, मग तो अकरा महिने शेडमध्ये उभा, आणि हप्ता मात्र बारा महिने चालू.

आता वजनाबद्दल थोडं, कारण याबद्दल शोरूममध्ये कोणी आपणहून बोलत नाही.

लिफ्ट अमुक किलो उचलते असं लिहिलेलं असतं ते बहुधा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेलं. टाकीचं वजन त्याच्याही मागे लोंबत असतं, म्हणून प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच धरा. आणि मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात. हलकी म्हणजे स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. त्यावर पुढे वजनं लावणं हा उपाय आहे, ती मागून घ्या.

पण खरी भीती ट्रॉलीची. २०२१ मध्ये भावाने याच ट्रॅक्टरला कांद्याची भरलेली ट्रॉली जोडली. ओढली की त्याने! सपाटीवर आरामात ओढली. ओढण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता थांबवण्याचा. शेतातून रस्त्यावर यायला छोटा उतार आहे. तिथे मागच्या तीन टनांनी पुढच्या टनाभराच्या ट्रॅक्टरला ढकलत नेलं. ट्रॅक्टर आडवा झाला आणि बांधावरच्या बाभळीला टेकून थांबला. आप्पा मडगार्डवर बसलेले होते. खरचटण्यावर निभावलं. बाभूळ चार फूट अलीकडे असती तर ही पोस्ट मी लिहिली नसती.

त्या दिवसापासून घरात दोन नियम आहेत. ट्रॉली या ट्रॅक्टरला लावायची नाही, आणि मडगार्डवर कोणीही बसायचं नाही, आप्पा सुद्धा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना उलटल्यावर वाचवणारी कमान नसते. तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर घ्या. मांडवाच्या बागेत अडत असेल तर दुमडता येणारी बघा, पण काढून शेडमध्ये टाकू नका.

तर चहाच्या मशीनपाशी आता मी उलटे प्रश्न विचारतो. तुझी सगळ्यात अरुंद जागा किती फुटांची? सगळ्यात मोठा चढ कुठे आहे? कोणतं काम एक दिवस उशिरा झालं तर पीक जातं? आणि ट्रॅक्टर रोज चालवणार कोण? (शेवटच्या प्रश्नाला शांतता पसरते. शनिवारी-रविवारी जाऊन शेती करणाऱ्यांचं बहुतेक उत्तर भाड्याचा ट्रॅक्टर हेच असतं. दोन एकर आंब्याला तर नक्कीच.) एवढं झाल्यावर मग एचपी. तोही पत्रकावरचा नको. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. त्यांच्या अहवालात पीटीओला मिळालेली ताकद, लिफ्ट आणि तासाला जाणारं डिझेल मोजून दिलेलं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. आणि ट्रॅक्टर शोरूमच्या अंगणात नको, स्वतःच्या रानात, भरल्या टाकीनिशी, चढावर चालवून बघा.

असो. परवा रात्री गावाकडे पाऊस झाला. सकाळी आठला भावाचा फोन. मी अजून अंथरुणातच होतो.

"झालं दादा. पाचला निघालो होतो, अडीच्या अडीच एकर झाली."

"आप्पा?"

"बांधावर उभे आहेत. लांब."