कठपुतलीची बोली आणि तिचा दुभाषा

मराठीत ‘कळसूत्री बाहुली’ हा शब्दप्रयोग दुसऱ्याच्या इच्छेने हलणाऱ्या, स्वत्व नसलेल्या माणसासाठी रूढ आहे. ज्ञानेश्वरीतील साइखड्याच्या बाहुल्याचा दृष्टांतही चालविणाऱ्या सूत्राकडेच लक्ष वेधतो. विद्वानांची दृष्टी याहून फारशी वेगळी राहिली नाही. संस्कृत नाटकाआधी बाहुल्यांचा खेळ असावा, ही कल्पना शंकर पांडुरंग पंडित यांनी सुचविली. रिचर्ड पिशेल यांनी १९०० साली हाल येथील व्याख्यानात ती विस्ताराने मांडली. आणि त्यानंतरचा वाद बराचसा ‘सूत्रधार’ या शब्दातील सूत्र कोणते, याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. बाहुलीला दोरी असते, हे सर्वांना दिसले. तिला स्वतःचा आवाजही असतो, याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच पाहिले. मुलांसाठी बाहुलीनाट्य रचणाऱ्या आजच्या कलावंतांचा विचार करताना हे दुर्लक्ष विशेष जाणवते.

राजस्थानच्या कठपुतलीचे उदाहरण घ्यावे. तिला पाय नसतात; लांब घोळदार घागरा असतो. तिच्या दोऱ्या लाकडी पट्टीला न बांधता भाट कलावंत त्या आपल्या बोटांनाच बांधतो. तो पडद्यामागे असतो आणि त्याच्या तोंडात बांबूच्या पट्ट्यांत पातळ चामडे किंवा रबर ताणून केलेली एक लहानशी शिट्टी असते. या शिट्टीला ‘बोली’ म्हणतात, हे मोठे अर्थपूर्ण आहे. तिच्यातून निघणारा तीक्ष्ण चिवचिवाट हेच कठपुतलीचे भाषण. त्यात चढउतार असतो, राग, लाडीगोडी आणि थट्टा असते. फक्त ओळखू येणारे शब्द नसतात. शब्द पुरविण्याचे काम पडद्यापुढे ढोलक घेऊन बसलेल्या व्यक्तीचे. पुष्कळदा ती कलावंताच्या घरातलीच स्त्री असते. ती बाहुलीला प्रश्न करते, तिचे उत्तर ऐकते, प्रेक्षकांना त्याचा अर्थ सांगते आणि प्रसंगी मुद्दाम चुकीचाही सांगते. नागौरच्या अमरसिंह राठोडाची कथा असो वा गारुड्याचा नाग अंगावर येण्याचा प्रसंग असो, सारा खेळ या दोन आवाजांच्या दरम्यान घडतो.

ही रचना केवळ मारवाडची नव्हे. इंग्लंडमधील पंचच्या तोंडी अशीच शिट्टी असते आणि त्याचे बोलणे पुन्हा उच्चारून सांगणारा सोबती पूर्वी खेळाबाहेर उभा असे. रशियाचा पेत्रूश्का तशाच आवाजात बोले आणि पेटीवाला त्याच्याशी संवाद करी. इराणच्या ‘खेमे शब बाजी’त बाहुलीचा आवाज ‘सफीर’ नावाच्या शिट्टीतून येतो आणि ‘मुर्शिद’ तो लोकांना समजावून देतो. आपल्याकडील संस्कृत साहित्यातही या कल्पनेचा पुसटसा माग लागतो. राजशेखराच्या ‘बालरामायणा’त रावणाला फसविणाऱ्या सीतेच्या यंत्रपुतळीच्या मुखात मैना बसविलेली आहे. बाहुलीने माणसासारखे नव्हे, पाखरासारखे बोलावे, हे कुठेतरी फार पूर्वीच ठरले असावे. भाषांतर ही ग्रंथाबाहेर घडणारी क्रिया आहे, असे मानणाऱ्या तौलनिक अभ्यासकाला येथे भाषांतर हेच नाट्य झालेले दिसते.

मुलांच्या दृष्टीने या रचनेचे मोल फार मोठे आहे. बोली ऐकू येते आणि तिचा अर्थ सांगितला जातो, या दोहोंमध्ये क्षणाचे अंतर असते. त्या क्षणात मूल स्वतः अर्थ लावते. तर्क बरोबर ठरला तर त्याला आनंद होतो. चुकला तर त्याहून अधिक. ढोलकवालीने खोटा अर्थ सांगताच पुढे बसलेली मुले ओरडून तिला दुरुस्त करतात. ज्या देशात मुलाच्या घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी असते, त्या देशात मुलाची ही रोजचीच कसरत येथे खेळ होऊन त्याच्यासमोर येते. बोली कोणाचीच मातृभाषा नाही. म्हणूनच तिच्यापुढे सारी मुले सारखी असतात.

स्वातंत्र्योत्तर काळात मुलांसाठी बाहुलीनाट्य उभे करणाऱ्या कलावंतांचे ऋण मोठे आहे. देवीलाल सामर यांनी १९५२ साली उदयपूरला भारतीय लोककला मंडळ स्थापून कठपुतलीला नवी संहिता व नवा रंगमंच दिला. मेहेर काँट्रॅक्टर यांनी अहमदाबादच्या ‘दर्पण’मधून बाहुली शिक्षकांच्या हाती नेली. मॉस्कोत सर्गेई ओब्राझ्त्सोव यांच्याकडे शिकून आलेल्या सुरेश दत्त यांनी १९७३ साली कलकत्ता पपेट थिएटर सुरू केले. त्यांचे ‘अलादीन’ बंगालमधील मुलांच्या पिढ्यांनी पाहिले. पुण्यात जन्मलेल्या दादी पदमजी यांनी १९८६ साली दिल्लीत ‘इशारा’ची स्थापना केली आणि पारंपरिक भाट कलावंतांना आपल्या प्रयोगांत सहभागी करून घेतले. या मंडळींनी बाहुलीला जत्रेतून नाट्यगृहात आणले नसते, तर आज तिच्याविषयी लिहिण्याचा प्रसंगही आला नसता.

तथापि या स्थलांतरात बोली बहुतेक मागेच राहिली. नाट्यगृहातील बाहुल्या पुष्कळदा ध्वनिमुद्रित संवादांवर हलतात. याला कारणे आहेत. काठीवरची मोठी बाहुली दोघांतिघांनी मिळून हलवायची, तर त्यांना संवाद म्हणण्याइतका दम उरत नाही. शिवाय मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचला पाहिजे. परंतु मुद्रित आवाज थांबत नाही. मूल ओरडले, हसले, घाबरले, तरी फीत आपल्या गतीने पुढे जाते. ज्या बाहुलीला आपण परतंत्रतेचे प्रतीक केले, ती भाटाच्या बोटांवर असताना मुलांच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत होती; खरी परतंत्र ती फितीने झाली. त्यातच सरकारी प्रचारविभागांनी आणि शाळांनी तिच्या तोंडी बचत, स्वच्छता, कुटुंबनियोजन यांचे पाठ घातले. पाठ चांगले असतील. पण ज्याचा एकच अर्थ आधीच ठरलेला आहे, त्याला दुभाषा लागत नाही, आणि जेथे दुभाषा नाही तेथे मुलाला करण्यासारखे काही उरत नाही.

यावर उपाय म्हणून जुना खेळ जसाच्या तसा परत आणावा, असे कोणी म्हणणार नाही. अमरसिंहाचा दरबार आजच्या प्रत्येक मुलाला भावेल असेही नाही. जपायची आहे ती कथा नव्हे, दोन आवाजांची रचना. नवी बाहुली नव्या कथेतही बोलीत बोलू शकते आणि पुढे बसलेली व्यक्ती पुण्यात मराठीतून, म्हैसूरला कन्नडमधून, शिलाँगला खासीतून तिचा अर्थ लावू शकते. एकच प्रयोग संहिता न बदलता देशभर जाऊ शकेल, असा हा अत्यंत स्वस्त मार्ग आहे. ध्वनिफितींच्या आठ आवृत्त्या काढण्यापेक्षा एक चतुर ढोलकवाली तयार करणे कलेच्या अधिक हिताचे आहे.

मात्र अशी ढोलकवाली कोणाकडून शिकायची, हा प्रश्न आता टोचू लागला आहे. दिल्लीच्या शादीपूरमध्ये १९७० च्या दशकापासून वसलेली, शेकडो भाट कुटुंबांना आसरा देणारी कठपुतली कॉलनी २०१७ साली पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. एकाच गल्लीत राहणारी घरे पांगली की शेजारच्या अंगणातून कानांवर पडून येणारी विद्याही पांगते. भारतीय भाषांच्या विद्यापीठीय विभागांनी या खेळांचे संकलन केलेच, तर ते बहुधा कथेचे करतात. शिट्टीचा आवाज ‘अस्पष्ट’ म्हणून गाळतात आणि ढोलकवालीचे बोलणे पाल्हाळ म्हणून संक्षिप्त करतात. म्हणजे नाट्य वगळून सारांश जतन होतो. प्रश्न, शिट्टी, अर्थ आणि मुलांचा आरडाओरडा हे चारही जेथे शेजारी शेजारी नोंदले जातील, तीच कठपुतलीची खरी संहिता ठरेल. ती लिहून घेता येण्याजोगी माणसे अद्याप आहेत, तोवर हे काम झाले पाहिजे.